मागच्या रांगेतली तिसरी बाई

मेलेल्या माणसांचे डोळे उघडणं हा माझ्या कामाचा एक भाग होता. वाचून दचकू नका. ज्या माणसाने आयुष्यभर फोटो काढून घेतला नाही, त्याचा फोटो पूर्वी बरेचदा तो गेल्यावरच काढला जायचा. भिंतीला टेकवून बसवलेला देह, मिटलेले डोळे, खांद्याला आधार देणारा कुणाचा तरी हात. तो फोटो आमच्या स्टुडिओत यायचा आणि सोबत मागणी असायची, 'डोळे तेवढे उघडे करून द्या.' मग मी बारीक ब्रशाने त्या माणसाला डोळे काढायची. पुण्यातल्या कितीतरी घरांत माझ्या हातचे डोळे आजही भिंतीवरून समोरच्या टीव्हीकडे बघत असतील.

मी फोटो टच करणारी. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'टचिंग करते' असं सांगायची आणि समोरची बाई लगेच भुवया कोरायला कधी येऊ म्हणून विचारायची. तसं बघितलं तर भुवयाही मी पुष्कळ कोरल्या, पण कागदावरच्या.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण आता ते कुठे बघायला मिळणार नाही. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती तिथे फिकट रेघ म्हणून दिसते. तिरप्या मेजावर दुधी काच, काचेखाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड, आणि काचेवर ती निगेटिव्ह. पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि त्या फिकट रेघेत ठिपके भरत बसायचं. ठिपके भरले की फोटोत सुरकुती विरते. एक ठिपका जास्त पडला तर गालावर पांढरा डाग उठतो आणि गिऱ्हाईक विचारतं, 'अहो, यांना कोड कधी फुटलं?' मी सतरा वर्षांची असताना या मेजावर बसले. मान तेव्हा जी वाकली ती अजून पूर्ण सरळ झालेली नाही.

स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, तेच माझे गुरू. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे केलेलं काम चिमटीत धरून लांब न्यायचं आणि म्हणायचं, 'छान. आता हे कुणाचं आहे ते गिऱ्हाइकालाच विचारू.' मी रडकुंडीला यायची. पण त्यांच्या दोन गोष्टी मला जन्मभर पुरल्या.

पहिली गोष्ट साक्षीदाराची. फोटो पुसट असेल, फाटलेला असेल, चेहरा मुगाएवढा असेल, तर तो मोठा करताना निम्मा चेहरा आम्हालाच रंगवावा लागे. अशा वेळी ज्याने ते माणूस प्रत्यक्ष पाहिलंय असं कुणीतरी शेजारी बसवल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, असा आप्पांचा नियम होता. आणि त्या साक्षीदाराला 'ते दिसायला कसे होते' असं कधीच विचारायचं नाही. त्यावर सगळे 'फार देखणे होते' एवढंच सांगतात. विचारायचं असं की रागावले म्हणजे चेहऱ्यावर आधी काय हलायचं? त्याला उत्तर न देणारा माणूस मला क्वचितच भेटला.

एकदा एक गृहस्थ वडिलांचा पासबुकावरचा फोटो घेऊन आले. त्यावर बँकेचा शिक्का बरोबर कपाळावर. मी नेहमीचा प्रश्न विचारला तर ते विचारात पडले, पण मागे उभी असलेली त्यांची बायको पटकन म्हणाली, "मामंजींची उजवी भुवई वर जायची, आणि जेवण होईपर्यंत खाली यायची नाही." मी ती भुवई केसभर वर उचलली. फोटो न्यायला आले तेव्हा गृहस्थांनी तो एक क्षण पाहिला आणि वरच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट गुपचूप पँटच्या खिशात टाकलं. आप्पांनी त्या दिवशी माझ्यासाठी आपण होऊन चहा मागवला.

दुसरी गोष्ट त्यांनी मला लग्नाचे फोटो टच करताना सांगितली. "गिऱ्हाईक म्हणेल ते पूस. पण एक खोट ठेवत जा. माणूस खोटेवरून ओळखू येतो, बाकीचं सगळं सगळ्यांचं सारखंच असतं." पुढे कलेबद्दल आणि सौंदर्याबद्दल मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण माझं काम एवढ्यावरच चाललं. एक ओठ किंचित वाकडा, एक पापणी जड, एक दात पुढे. ते राखायचं आणि बाकीच्यावर हात फिरवायचा.

आम्ही काही हरिश्चंद्राचे अवतार नव्हतो हेही सांगते. जन्मात कोट न घातलेल्या माणसांना मी कोट चढवलेत. सावळ्या मुलींना त्यांच्या आयांच्या सांगण्यावरून गोरं केलंय, आणि त्याची मला आज लाज वाटते. पण खोटेपणा करताना मला ठाऊक असायचं की मी कुठे खोटी वागले. बोट ठेवून दाखवता आलं असतं.

मग निगेटिव्ह गेली आणि कॉम्प्युटर आला. चाळिशीच्या पुढे मी माऊस धरायला शिकले. बाण भलतीकडेच पळायचा. पण लवकरच कळलं की ही पेन्सिलच आहे, फक्त चूक झाली तर मागे घेता येते. तेव्हा माझ्या जुन्या मैत्रिणी कला संपली म्हणून गळे काढत होत्या आणि मी त्यांना हसत होते. आता वाटतं, हसायची घाई केली.

बदल पहिल्यांदा जाणवला तो कर्वेनगरच्या दुकानात. आप्पा गेल्यावर मी तिथे एक छोटा गाळा घेतला होता, आजूबाजूला कॉलेजं असल्यामुळे पासपोर्ट फोटोंचं काम भरपूर. एक मुलगी आली, फोटो काढला, स्क्रीनवर पाहिला आणि म्हणाली, "काकू, तुमचा कॅमेरा खराब आहे का? मी अशी नाही दिसत."

"कशी दिसतेस?"

तिने मोबाइल पुढे केला. त्यातला तिचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा नितळ होता, हनुवटी निमुळती, डोळे थोरले. मी भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं. तिने आरशात पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आरशात लाइटिंग वाईट आहे ना काकू. ॲक्चुअली मी ही आहे." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, ती अगदी काकुळतीने सांगत होती. आमच्या काळी लोक 'फोटो माझ्यासारखा आला नाही' म्हणून भांडायचे. ही मुलगी स्वतःच फोटोसारखी आली नाही म्हणून दुःखी होती. मी तो विनोद म्हणून चार जणींना सांगितला.

नंतर तो नवा प्रोग्राम आला. फोटो आत टाकायचा, एक बटण दाबायचं, आणि पुसट चेहरा चहा गार व्हायच्या आत लख्ख होऊन बाहेर. पुतण्याने बसवून दिला. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. पापणीचा केस न् केस, गालावरची लव, कपाळावरचा उजेड! मला जे आठ दिवसांत जमलं नसतं ते समोर होतं आणि सुंदर होतं. खोटं कशाला बोलू, मी भारावले. पंचेचाळीस वर्षं ज्यासाठी मान मोडली ते असं फुकट पडलेलं पाहून मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा आनंदच झाला.

त्याच आठवड्यात सुमनताई आल्या. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या आर्वीकडच्या एका खेड्यातल्या. मुलगा खराडीला नोकरीला, त्याने कर्वेनगरात फ्लॅट घेतला म्हणून त्याही इकडे राहायला आलेल्या. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर त्यांना आईचा फोटो लावायचा होता. आई, सरजाबाई, गेली तेव्हा सुमनताई आठ महिन्यांच्या होत्या. आईचा एकच फोटो होता. गावातल्या विहाराचं बांधकाम पुरं झालं तेव्हा सगळ्या बायकांचा मिळून काढलेला, पांढऱ्या लुगड्यांच्या दोन रांगा.

"मागच्या रांगेतली तिसरी," सुमनताई बोट ठेवून म्हणाल्या. बोटाखाली ती तिसरी बाई पूर्ण झाकली गेली, एवढीशीच होती. डोक्यावर पदर, पदराखाली मसुराएवढा करडा ठिपका. भिंग लावलं तर दोन डोळ्यांच्या जागी सावली आणि ओठांच्या जागी काहीच नाही.

"आईला पाहिलेलं कुणी आहे?" मी सवयीने विचारलं.

"दादा आहे ना, देवराव. तो नऊ वर्षांचा होता. पण तो गावी असतो, फोनवर ऐकू येत नाही त्याला. पुढच्या महिन्यात येणारच आहे नव्या घरी."

पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला हवं होतं. निदान देवरावांच्या मुलाला फोन करून, त्याच्याकडून विचारून घ्यायला हवं होतं. आप्पा असते तर त्यांनी मेजावर बसूच दिलं नसतं. पण बटण समोर होतं, सुमनताई समोर होत्या, आणि मला, खरं सांगते, ते त्यांच्या देखत करून दाखवायची हौस आली. मी म्हटलं, "बसा, आत्ताच बघू."

पडद्यावर एक बाई उमटली. तिशीची, सावळी, डोळ्यांत पाणीदार उजेड, किंचित उघडे ओठ, दातांची सरळ कड दिसणारं मंद हसू. सुमनताई खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याला हात लावून उभ्या राहिल्या. बासष्ट वर्षांची बाई 'माय, माय' म्हणून रडत होती. मीही रडले. मोठी प्रत काढली, फ्रेम झाली, भिंतीवर गेली. सुमनताईंनी मोबाइलवरून ती भावालाही पाठवली आणि देवरावांच्या मुलीने ती त्यांच्या फोनच्या पडद्यावरच लावून दिली.

तीन आठवडे गेले. मग सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक, आगाशे, आपल्या आईचा फोटो परत घेऊन आले. त्यांच्या मूळ फोटोचा नाकाखालचा भाग ओलीने खाल्ला होता. तोही मी त्या प्रोग्राममधूनच पुरा करून दिला होता. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "काम उत्तम आहे. फक्त आमच्या मातोश्री आयुष्यात अशा कधी हसल्या नाहीत. आपली त्यांची ओळख नव्हती, त्यामुळे आपला दोष नाही. हे ज्यांचं तोंड असेल त्यांना परत करा."

मी हसले, माफी मागितली, दुरुस्त करून देते म्हटलं. ते गेल्यावर फोटो उचलला आणि हसू गोठलं. ते तोंड मी आधी पाहिलं होतं. संगणकात सुमनताईंच्या आईचा फोटो शोधला आणि दोन्ही शेजारी लावले. सदाशिव पेठेतली नऊवारीतली गोरी म्हातारी आणि आर्वीकडची सावळी तरुण बाई. किंचित उघडे ओठ, दातांची सरळ कड, डाव्या कोपऱ्यात तीच बारीकशी खळी. मी एकीचे डोळे झाकले, मग दुसरीचे. दोघींना एकच तोंड होतं.

मी त्या प्रोग्राममधून केलेली बाकीची कामं उघडत गेले. आणखी तीन ठिकाणी तेच ओठ सापडले, एका ठिकाणी तर पैलवान आजोबांच्या मिशीखाली. यंत्राला जिथे काही दिसत नाही तिथे ते त्याच्या मते सुंदर असलेलं काहीतरी ठेवून देतं, आणि त्याच्या मते सुंदर म्हणजे हे एवढंच. माझा खोटेपणा मला ठाऊक असायचा, हा मला कळलासुद्धा नव्हता. खोट ठेवायची तर आधी खोट दिसायला हवी, आणि त्या फोटोत कुठेही खोट नव्हती. म्हणूनच मी भुलले.

त्या रात्रीपासून झोप उडाली. सुमनताईंना सांगायचं कसं? त्या रोज त्या तोंडाशी बोलत असणार. आणि न सांगायचं कसं? आगाश्यांची आई वाचली, कारण आगाश्यांना ती पक्की आठवत होती. सरजाबाईंचा खरा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, देवरावांच्या डोक्यात. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली नव्हती, अजून वेळ होता. मी ठरवलं की ते आले की त्यांना शेजारी बसवायचं, पेन्सिल घ्यायची आणि जे आधी करायला हवं होतं ते आता करायचं. नवा चेहरा तयार झाला की मग सुमनताईंना सगळं सांगणं सोपं जाईल. तोवर फोन उचलायचा आणि ठेवून द्यायचा, असं माझं दहा दिवस चाललं होतं. मनात धाकधूक एकच, देवरावांची तब्येत बिघडायला नको.

ते आल्याचा सुमनताईंचा फोन आला त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पिशवीत जाड कागद, चार पेन्सिली आणि भिंग. देवराव खिडकीपाशी बसले होते. पांढरा सदरा, कानात नवीन यंत्र, शेतात राबलेले रुंद हात. सुमनताईंनी ओळख करून दिली, "दादा, या बाईंनीच मायचा फोटो केला." त्यांनी उठून मला दोन्ही हात जोडले. मला ते हात बघवले नाहीत.

मी म्हटलं, "दादा, फोटोत एकदोन गोष्टी राहिल्यात. तुम्ही सांगाल तशा मी काढते." भिंतीकडे त्यांची पाठ होईल अशी खुर्ची वळवली. कागद मांडीवर घेतला. "फोटो विसरून जा. मला एवढंच सांगा, माय रागावली की तिच्या तोंडावर आधी काय हलायचं?"

देवरावांनी डोळे मिटले. मी पेन्सिल टेकवली. मग त्यांचे ओठ हलले, "मी कुंपणावरून उडी मारली होती. पाय सोलला. माय धावत आली, हातात काडी..."

"हं. तोंड कसं होतं तेव्हा?"

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. "काडी दिसते बाई. लुगडं दिसते. तोंड..." ते थांबले. "तोंड हासूनच राह्यलं."

"रागावलेली असताना?"

"आता तेच येते. ते फोटोतलंच. आधी दुसरं काही होतं, लय स्पष्ट होतं. मी गेल्या महिन्यात रोज पाह्यला ना तो मोबाइलवर, सकाळ-संध्याकाळ. ह्या सुमननं इतक्या मायेनं पाठवला." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एकदा विहिरीवरची आई आठवून पाहिली, एकदा तापात पडलेली. प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी म्हणाले, "मरतानाही हासूनच राह्यली, बाई. असं नव्हतं हो. मी होतो तिथं."

माझ्या कागदावर एक रेघही उमटली नव्हती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी दोघांना सगळं सांगितलं, बटणाचं, आगाश्यांच्या आईचं, त्या एकाच तोंडाचं. चूक माझी आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय मी ब्रश उचलायला नको होता, असंही म्हटलं. सुमनताई मधेच म्हणाल्या, "असू द्या हो बाई. मला तर मुळात कुठलाच चेहरा नव्हता. मला हाच बरा आहे." त्यांच्या बाजूने ते खरं होतं.

देवरावांनी डोळे उघडले. कानातलं यंत्र नीट बसवलं, जणू मी काय म्हणाले ते त्यांना पुन्हा एकदा ऐकून खात्री करायची होती. मग त्यांनी मला विचारलं, "मंग माही माय कुठी गेली, बाई?"

"दादा, असं काय करता, समोर तर आहे," सुमनताई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

देवराव भिंतीकडे वळले नाहीत. ते माझ्या उत्तराची वाट बघत माझ्याकडेच पाहत राहिले.